घरपट्टी भरतो तोच मालक?

"घरपट्टी त्याच्या नावावर आहे ना, मग घर त्याचंच!" कोकणात जुनं कौलारू घर घ्यायचं, डागडुजी करायची आणि विकायचं म्हणून निघालेल्यांना हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. ते चूक आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. त्याने मालकी ठरत नाही.

आता त्याच जमिनीचा सातबारा काढा. वर आजोबा, खाली सामाईक चुलत्यांची रांग. अर्धे मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद झालेलीच नाही. वडिलोपार्जित मिळकतीत लेकींचाही हिस्सा, हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून मुलाइतकाच. एकट्याने सही दिली तर फार तर त्याचा अविभक्त हिस्सा पदरात पडतो, अख्खं माजघर नव्हे.

बरं, सातबाराही अखेरचा शब्द नाही. १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे तिथली नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरतात. म्हणून जुने फेरफार (नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी) वाचा, सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात कूळ, म्हणजे जमीन कसणारा हक्कदार, आहे का बघा, वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध घ्या. घर खाडीकाठी असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं, तीही तपासा. वाशांना सुरीचं टोक खुपसून वाळवी बघणं त्यानंतरचं. लोक नेमकं तेच आधी करतात!