पुस्तकासाठी रंगवलेलं वादळ भिंतीवर लावताना

आपण आमच्याकडून घेतलेलं हे तैलचित्र मुळात एका पुस्तकाच्या पानासाठी रंगवलेलं आहे. छपाई झाली, पुस्तक वाचकांकडे गेलं आणि मूळ चित्र आता आपल्याकडे येत आहे. भिंतीसाठीच काढलेल्या समुद्रचित्राहून ते थोडं वेगळं दिसेल. वेष्टन काढल्यावर आम्हाला येणारे बहुतेक फोन याच वेगळेपणाबद्दल असतात, म्हणून हे माहितीपत्रक सोबत ठेवलं आहे.

हे असं का दिसतं?

पहिला प्रश्न ठरलेला असतो: वरचं एवढं आभाळ मोकळं का सोडलंय? मुखपृष्ठाचं चित्र असेल, तर तिथे पुस्तकाचं नाव होतं. अक्षरं ठळक उठावीत म्हणून ढग मुद्दाम शांत आणि एकसारख्या राखाडी छटेत ठेवतात, मग खाली कितीही गदारोळ चालू असो. जोडपानावरचं चित्र असेल, तर अगदी मध्यावर महत्त्वाचं काहीच सापडणार नाही. तिथे बांधणीची घडी येते आणि माणसाचा चेहरा किंवा डोलकाठी तिच्यात गडप होते. कडांची पट्टी उरकल्यासारखी वाटली तर तेही ठरवूनच केलेलं आहे. छापील पान कापताना साधारण ३ मिलिमीटर चित्र कटाईत जातं. मूळ चित्र पानाच्या दुप्पट-तिप्पट मोठं असल्यामुळे ही जादा पट्टीही त्याच प्रमाणात रुंद असते.

सावल्यांचं मात्र नीट समजून घ्यावं. वादळ म्हटलं की काळाकुट्ट समुद्र डोळ्यांसमोर येतो, पण या चित्रातले लाटांमधले खळगे तितके काळे नाहीत. बिनचकाकीचा कागद शाई शोषतो, गडद छटा आणखी गडद होतात आणि खळग्यातलं पाणी, दोरखंड, बुडणारी होडी सगळं एका डागात मिसळून जातं. म्हणून चित्रकार सावल्या थोड्या उजळ ठेवतो. याउलट लाटेच्या माथ्यापाशी पाहा. तिथे पाणी पातळ होऊन मागचा उजेड आरपार येतो आणि हिरवट चमक दिसते. विरिडियन हिरव्याचा पारदर्शक थर सुकलेल्या फिकट रंगावर देऊन ती आणलेली असते. चार शाईंच्या छपाईत हा हिरवा पुरता उतरत नाही. पुस्तक शेजारी धरून बघाच. मूळ चित्र घेण्याचा खरा आनंद आमच्या मते इथेच आहे.

काही जुनी चित्रं केवळ काळ्या-पांढऱ्या छटांत असतात. ती अर्धवट राहिलेली नाहीत. पूर्वी चित्र छापायचं तर कोरक्या ते लाकडी ठोकळ्यावर नव्याने कोरून काढायचा. १८८०च्या दशकात हाफटोन छपाई, म्हणजे लहान-मोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवणारी छपाई, रुळू लागली आणि रंगवलेल्या चित्राचा फोटो घेऊन तो छापता येऊ लागला, पण बहुधा एकाच शाईत. तेव्हा हॉवर्ड पाइल या अमेरिकी चित्रकाराने पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी काळ्या-पांढऱ्यातच तैलचित्रं रंगवली. त्याचा शिष्य एन. सी. वायेथ याने १९११ साली ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीसाठी केलेली रंगीत तैलचित्रं जवळजवळ ४७ इंच उंच आहेत, पुस्तकात ती वीतभर पानात बसली.

वादळ किती खरं?

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट याने १८०५ साली वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी आखली, तिचं सुधारलेलं रूप आजही वापरात आहे. त्यातल्या १०व्या क्रमांकाला वारा ४८ ते ५५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असतो, लाटा साधारण ९ मीटरपर्यंत उठतात आणि फेसाचे दाट पांढरे पट्टे वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब ओढले जातात. आपल्या चित्रात हे पट्टे, उडणारे तुषार आणि झेंडा एकाच दिशेला जातात का, ते पाहा. वारा मागून असेल तर झेंडा जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे फडकतो. नवखे चित्रकार हमखास तो उलटा काढतात. अशा वाऱ्यात जहाजाची बहुतेक शिडं गुंडाळलेली हवीत. सगळी शिडं ताणून वादळात घुसणारं जहाज दिसतं झकास, पण त्याच्या डोलकाठ्या टिकायच्या नाहीत.

चित्र सांभाळताना

तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, आणि याला वेळ लागतो. फेसाचे जाड लेप सुरीने दिलेले असतात. नव्या चित्रात ते वरून कोरडे लागले तरी आत कित्येक महिने मऊ राहतात. त्यांवर बोट दाबू नका, चित्राच्या दर्शनी बाजूला बुडबुड्यांचं प्लॅस्टिक टेकवू नका. नव्या चित्रावर आत्ता फक्त तात्पुरतं, पातळ वॉर्निश आहे. शेवटचं वॉर्निश साधारण सहा महिने ते वर्षभराने द्यावं लागतं. तेव्हा चित्र आमच्याकडे आणा.

चित्र बंद कपाटात ठेवलं तर पांढरा फेस पिवळसर पडतो, कारण जवसाचं तेल अंधारात पिवळं होतं. उजेडात आणल्यावर हा पिवळेपणा बराचसा जातो. थेट ऊन मात्र नको, आणि ओलसर भिंतही नको. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. ओलं फडकं, बटाटा, पाव असले घरगुती उपाय करू नका. रंगाचा पापुद्रा सुटलेला दिसला तर ब्रशही लावू नका, आम्हाला कळवा.

कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीने पान क्रमांक, कटाईच्या खुणा, कधी छापखान्याचा शिक्का असतो. फ्रेम करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा: त्या खुणा पुसायच्या नाहीत आणि त्यांवर कागद चिकटवायचा नाही. चित्र कोणत्या पानाचं, हे पुढे त्यांवरूनच सिद्ध होतं.

छापण्याचा हक्क

चित्र आपलं झालं, तरी ते छापण्याचा हक्क त्याबरोबर आपोआप येत नाही. लेखक-कलावंतांच्या हक्कांबाबतच्या १८८६च्या बर्न करारातल्या देशांत चित्रकाराच्या हयातीत आणि सर्वसाधारणपणे त्यानंतर किमान ५० वर्षं हा हक्क टिकतो. बऱ्याच देशांत त्याहून जास्त. घरी किंवा कार्यालयात लावायला काहीच अडचण नाही. शुभेच्छापत्रं, दिनदर्शिका किंवा विक्रीच्या प्रती काढायच्या असतील, तर हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी परवानगी हवी. तो चित्रकाराकडे आहे की प्रकाशकाकडे, हे आमच्या पावतीवर लिहिलेलं असतं. पुढे चित्र विकलंत, तर ती पावतीही नव्या मालकाला द्या.