गुग्गुळ, कोलेस्टेरॉल आणि एकाच शोधनिबंधातले दोन आकडे

औषधांच्या दुकानात वजनासाठी, सांधेदुखीसाठी आणि ‘हृदयाच्या आरोग्यासाठी’ म्हणून ठेवलेल्या वेगवेगळ्या डब्या उलटून पाहिल्या, तर घटकांच्या यादीत एक नाव हमखास सापडतं: गुग्गुळ. योगराज, त्रिफळा, कैशोर, कांचनार, मेदोहर अशी त्याची अनेक रूपं आहेत. परदेशात त्याचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून ‘नैसर्गिक कोलेस्टेरॉल नियंत्रक’ म्हणून विकला जातो. वनस्पतीच्या डिंकांपैकी आधुनिक पद्धतीने इतकी वर्षं तपासला गेलेला दुसरा डिंक शोधावाच लागेल. या तपासणीतून जे निघालं ते जाहिरातीत बसण्यासारखं नाही, पण वाचण्यासारखं नक्की आहे.

गुग्गुळ म्हणजे कॉमिफोरा वायटी या काटेरी झुडपाच्या सालीला चीर दिल्यावर पाझरणारा आणि हवेत घट्ट होणारा चीक. हे झुडूप कच्छ, राजस्थान, सिंध, बलुचिस्तान अशा कोरड्या मुलखातलं. हिराबोळ त्याचा सख्खा भाऊबंद, तर आपल्याकडे मेळघाटात आणि सातपुड्यात वाढणारी सालई त्याच कुळातली.

आधुनिक संशोधनाची सुरुवात १९६६ सालच्या एका प्रबंधापासून धरतात. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचताना रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याच्या विकाराशी त्याचं साम्य जाणवलं. सुश्रुताने तिथे चुकीचा आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, त्यातून वाढणारा मेद आणि त्याने अडणारे शरीरातले मार्ग अशी साखळी मांडली आहे. सत्यवतींनी सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला आणि सोबत गुग्गुळ दिला. गुग्गुळ मिळालेल्या सशांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी राहिलं, रक्तवाहिन्याही कमी बिघडल्या. याच सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

त्या मूळ उताऱ्यात गुग्गुळ एकटा नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शिलाजीत, त्रिफळा, गोमूत्र यांच्याबरोबर तिथे जव, मूग, कोद्रू अशी धान्यं आहेत आणि व्यायामही आहे. यातल्या जवाचा पुरावा आज गुग्गुळापेक्षा भक्कम आहे. जवातल्या बीटा-ग्लुकन या तंतूमुळे एलडीएल, म्हणजे घातक समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, थोडं पण खात्रीने उतरतं. रोज सुमारे ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर अन्नाच्या वेष्टनावर तसा दावा छापायला अमेरिकेतल्या नियामकाने परवानगी दिली आहे. आपण मात्र यादीतला गुग्गुळ उचलला. जवाच्या भाकरीपेक्षा गोळी विकायला सोपी, हे त्याचं एक कारण असावं.

१९७२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चिकातली स्टेरॉइड जातीची संयुगं वेगळी करून त्यांची रचना मांडली. गुग्गुलस्टेरॉन हे नाव तिथून रूढ झालं. त्याची ई आणि झेड अशी दोन रूपं आहेत आणि आज बाटलीवर छापलेले टक्के बहुधा त्यांचेच असतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने इथिल अॅसिटेटने काढलेल्या अर्कावर काम केलं. ‘गुगुलिपिड’ नावाच्या या अर्काला १९८६ मध्ये रक्तातली चरबी कमी करणारं औषध म्हणून भारतात मान्यता मिळाली. पारंपरिक औषधातून निघून आधुनिक औषधांच्या रांगेत बसलेलं हे आपल्याकडचं एक दुर्मीळ उदाहरण. त्याचं कौतुक व्हायला हवं होतं आणि झालंही.

त्यामागच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये छापून आले. मुंबई, नागपूर, दिल्ली, जयपूर, बंगळुरू, लखनौ आणि वाराणसी अशा सात शहरांतले रुग्ण त्यात होते. पहिल्या भागात आठ आठवडे पथ्य आणि बिनऔषधाची गोळी देऊन झाल्यावर २०५ जणांना बारा आठवडे गुगुलिपिड दिलं. आपण खरं औषध घेतोय हे रुग्णालाही ठाऊक होतं आणि डॉक्टरांनाही. सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांमध्ये चांगला फरक दिसला. कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी आणि ट्रायग्लिसराइड २२.६ टक्क्यांनी उतरलं. जाहिरातींना आवडतो तो आकडा हा.

त्याच निबंधात पुढे दुसरा भाग आहे. तिथे कोणती गोळी कोणती हे कुणालाच माहीत नव्हतं आणि गुगुलिपिडची तुलना क्लोफायब्रेट या त्या काळच्या औषधाशी केली होती. गुगुलिपिडने कोलेस्टेरॉल ११ टक्क्यांनी उतरलं, क्लोफायब्रेटने १० टक्क्यांनी. औषध तेच, संशोधक तेच, निबंधही तोच, पण डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर परिणाम निम्म्याहून खाली आला. यात लबाडी काही नाही. खरं औषध मिळतंय म्हटल्यावर माणूस पथ्य नीट पाळतो, तळण कमी करतो, फिरायला जातो. शिवाय रक्तातले आकडे आपोआपही वरखाली होत असतात. आकडा चढलेला असतानाच माणूस चाचणीत येतो, त्यामुळे पुढच्या तपासणीत तो उतरण्याची शक्यता मुळातच जास्त असते. हे सगळं औषधाच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून दुसऱ्या गटाला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, बरोबरीने द्यावी लागते. नेमका असा गट या दुसऱ्या भागात नव्हता. आणि क्लोफायब्रेटशी बरोबरी ही तशी लंगडीच बढाई. कोलेस्टेरॉल उतरवूनही त्या औषधाच्या गटात एकूण मृत्यू जास्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत १९७८ मध्येच दिसलं होतं.

प्लासिबोशी काटेकोर तुलना झाली ती अमेरिकेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या पण एरवी निरोगी अशा १०३ जणांचे तीन गट केले. एकाला अर्काची १००० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, दुसऱ्याला २००० मिलिग्रॅमची तीनदा आणि तिसऱ्याला प्लासिबो. अर्कात गुग्गुलस्टेरॉनचं प्रमाण २.५ टक्के होतं. आठ आठवड्यांनी प्लासिबो गटाचं एलडीएल ५ टक्क्यांनी उतरलं होतं. गुग्गुळ घेणाऱ्यांचं उतरलं तर नाहीच, उलट कमी मात्रेच्या गटात ४ आणि जास्त मात्रेच्या गटात ५ टक्क्यांनी वाढलं. गुग्गुळ घेणाऱ्या सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं, प्लासिबो गटात एकाच्याही नाही. २००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे छापून आलं आणि गुग्गुळाच्या बाजूने बोलणाऱ्यांची पंचाईत झाली. २००९ मध्ये नॉर्वेतल्या ४३ जणांवरच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल किंचित कमी झालं, पण त्याबरोबर चांगलं मानलं जाणारं एचडीएलही कमी झालं, आणि एलडीएलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही.

मग भारतात चालणारं औषध अमेरिकेत का चालू नये? भारतीयांचा आहार वेगळा, जनुकं वेगळी, अर्क काढण्याची रीत वेगळी असे खुलासे दिले जातात. ते चूक आहेत असं नाही. पण ते खरे ठरवायचे तर भारतातच प्लासिबोसह नीट चाचणी घ्यायला हवी. मुरादाबादची ६१ जणांवरची चाचणी त्या प्रकारची होती आणि तिच्यात एलडीएल सुमारे १२ टक्क्यांनी उतरल्याचं नोंदलं आहे. पण ६१ जणांच्या बळावर १०३ जणांचा उलटा निकाल बाजूला सारता येत नाही. माझ्या मते आज गुग्गुळाला कोलेस्टेरॉलचं औषध म्हणण्याइतका पुरावा आपल्या हाती नाही.

गंमत म्हणजे माणसांवरचा निकाल उलटा लागायच्या वर्षभर आधीच हे औषध कसं काम करतं त्याचा उलगडा झाल्यासारखा वाटत होता. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती पुरेशी झाली की पेशीतला एफएक्सआर नावाचा ग्राही, म्हणजे संकेत झेलणारा रेणू (रिसेप्टर), उत्पादन थांबवायला सांगतो. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की गुग्गुलस्टेरॉन या ग्राहीला अडवतं. साध्या उंदरांच्या यकृतातलं कोलेस्टेरॉल त्याने कमी झालं, एफएक्सआरच नसलेल्या उंदरांमध्ये मात्र झालं नाही. प्रयोग देखणा होता. पुढे कळलं की गुग्गुलस्टेरॉन ही अनेक कुलपांत शिरणारी किल्ली आहे. स्टेरॉइड हार्मोनांच्या अनेक ग्राहींना ते एफएक्सआरपेक्षाही घट्ट चिकटतं, आणि पीएक्सआर नावाच्या ग्राहीला चेतवून पित्ताम्लं बनवणारं जनुकच दाबतं, म्हणजे आधी सांगितलेल्याच्या बरोबर उलट. परीक्षानळीतली सुबक यंत्रणा माणसात लागू पडेलच असं नसतं.

बाकीच्या दाव्यांबद्दल थोडक्यात. मोठ्या गाठींच्या मुरुमांवर गुगुलिपिड टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाइतकंच उपयोगी पडल्याचा एक भारतीय अभ्यास आहे, पण रुग्ण अवघे २०. गुडघेदुखीवर कॅलिफोर्नियात ३० जणांना आराम पडल्याची नोंद आहे, पण तिथे तुलनेला प्लासिबो गट नव्हता आणि गुडघेदुखी आपोआपही कमी-जास्त होतच असते. कर्करोगाच्या पेशींवरचे प्रयोग बशीतले आहेत.

धोक्यांची बाजू मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना गुगुलिपिडची एकच मात्रा दिली, तेव्हा रक्तदाब आणि हृदयविकारासाठी वापरली जाणारी प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टिअॅझेम ही औषधं रक्तात कमी पोहोचली. म्हणजे हृदयासाठी म्हणून घेतलेली गोळी हृदयाच्याच औषधाचा जोर कमी करू शकते. पीएक्सआर चेतवला गेला की अनेक औषधांची विल्हेवाट लावणारं यकृतातलं एन्झाइम वाढतं, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना गुग्गुळाबद्दल सांगायला हवं. उंदरांमध्ये तो थायरॉइडला चालना देतो, तेव्हा थायरॉइडच्या रुग्णांनी सांभाळून. गरोदर स्त्रियांनी तो घेऊच नये. आणि योगराज व महायोगराज या नावांत ‘महा’चाच फरक दिसत असला, तरी पारंपरिक कृतीतल्या महायोगराजात नागभस्म, म्हणजे शिशाचं भस्म पडतं. ते स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेण्याची गोष्ट नव्हे.

ज्या स्टॅटिनला कंटाळून लोक गुग्गुळाकडे वळतात, त्याच्या चाचण्यांत नुसतं कोलेस्टेरॉल मोजलेलं नाही, हार्ट अटॅक आणि पक्षाघात मोजलेले आहेत. एलडीएल सुमारे ३९ अंकांनी उतरवलं की हे धोके जवळपास एक पंचमांशाने घटतात. वर सांगितलेल्या गुग्गुळाच्या चाचण्या काही आठवड्यांच्या आणि शे-दोनशे माणसांच्या. एवढ्यात हार्ट अटॅक टळला का, हे कळूच शकत नाही.

हे सगळं चालू असताना झाडाची स्थिती वाईट झाली आहे. गुग्गुळाचं झुडूप सावकाश वाढतं. चीक देण्याजोगं व्हायला त्याला बरीच वर्षं लागतात आणि एका झुडपातून मिळतो तो काही शे ग्रॅम. जास्त मिळावा म्हणून खोल चिरा देतात, चिरेत रसायनं भरतात. चीक भरपूर येतो आणि झुडूप वाळून जातं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने या वनस्पतीला अतिसंकटग्रस्त ठरवलं आहे, म्हणजे जंगलातून नाहीसं होण्याच्या एक पायरी आधी. कच्छमध्ये लागवडीचे सरकारी प्रकल्प झाले. पण माल कमी आणि मागणी जास्त, म्हणून इतर झाडांचे डिंक गुग्गुळाच्या नावावर खपवले जातात. तेव्हा बाटलीवर गुग्गुलस्टेरॉनचं प्रमाण छापलेलं नसेल, तर आत नेमकं काय आहे हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.