भुंगेऱ्यांचे जुने खंड आणि त्यांतून सुटलेली हुमणी

वळवाचा पाऊस झाला की तिन्हीसांजेला बाभळी-कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे घोंगावू लागतात आणि उसाच्या पट्ट्यात हुमणीचा, म्हणजे या भुंगेऱ्यांच्या मातीतल्या, मुळं खाणाऱ्या अळीचा, विषय निघतो. झाडावरच्या भुंगेऱ्याची जात नेमकी कोणती, हे पुस्तकातून ठरवायचं म्हटलं तर माग काढत माणूस शंभरेक वर्षं मागे, ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेपर्यंत जातो. गंमत म्हणजे तिच्यात हुमणीच नाही.

ही माला सुरू झाली विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या संपादनाखाली. गृहस्थ मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. सस्तन प्राण्यांवरचा पहिला भाग १८८८ साली निघाला. आधी विचार फक्त पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा होता. कीटक मागाहून आले आणि मग त्यांनीच बहुतेक जागा व्यापली. भुंगेऱ्यांवरचा पहिला खंड १९०६ चा, चार्ल्स गाहान यांचा, लांब मिशांच्या भुंगेऱ्यांवर.

त्याआधी परिस्थिती अशी होती की भारतातल्या भुंगेऱ्यांना नावं होती, पण ती एका जागी नव्हती. डॅनिश वैज्ञानिक फॅब्रिशियस यांनी अठराव्या शतकात युरोपात बसून इथल्या कितीतरी जातींना नावं दिली. त्यांतले अनेक नमुने तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतून गेलेले. आपल्या हुमणीचं शास्त्रीय नावही, ‘होलोट्रिकिया सेराटा’मधलं ‘सेराटा’, त्यांनीच १७८१ मध्ये ठेवलं. पुढे लॅटिन, जर्मन, फ्रेंच नियतकालिकांत वर्णनांची भर पडत गेली. बिहारमधल्या पुसाच्या शेती संशोधन संस्थेत किंवा डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्याने ती सगळी कुठून मिळवायची? या मालेने ती वर्णनं इंग्रजीत एकत्र आणली आणि सोबत ओळखीची किल्ली दिली, हे तिचं खरं काम.

किल्ली म्हणजे दोन-दोन पर्यायांची उतरंड. पायाच्या टोकाची दोन नखं सारखी की लहानमोठी? लहानमोठी आणि स्वतंत्र हलणारी असतील तर वाट ‘रुटेलिनी’ या उपकुळाकडे जाते. कठीण पंखांच्या कडेला खांद्याच्या मागे खाच आहे का? असेल तर तो फुलांवरचा भुंगेरा, आणि तो उडताना वरचे पंख न उघडताच उडतो. किल्लीनंतर प्रत्येक जातीचं वर्णन, मिलिमीटरमधली लांबी आणि सापडल्याची ठिकाणं. या ठिकाणांच्या यादीत कारवारचे वनाधिकारी टी. आर. बेल यांचं नाव भेटतं. तेव्हा कारवार मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या जंगलातले भुंगेरे असे लंडनच्या कपाटांत पोचले.

लेखक मंडळीही नाना तऱ्हेची. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांवरचा १९०८ चा खंड मार्टिन जेकोबी यांचा. हे पेशाने व्हायोलिनवादक, आणि पुस्तक आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. त्याच कुळावरचे पुढचे खंड (१९१९, १९२६, १९३६) समरेंद्र मौलिक यांनी लिहिले. परदेशी नावांच्या त्या रांगेत हे बंगाली नाव उठून दिसतं, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसं बोललं जात नाही याचं मला नवल वाटतं.

आता हुमणीकडे. तिच्या मोठ्या गटावर गिल्बर्ट ॲरो यांनी चार भाग लिहिले. १९१० मध्ये फुलांवरचे आणि गेंड्या भुंगे, १९१७ मध्ये रुटेलिनी आणि काही लहान गट, १९३१ मध्ये शेणातले भुंगेरे. चौथा भाग सांबरशिंग्या भुंगेऱ्यांचा. तो छापून आला तेव्हा ॲरो हयात नव्हते. हुमणीचं उपकुळ ‘मेलोलोंथिनी’ मात्र राहून गेलं. संग्राहकांची आवड इथे आड आली असं मला वाटतं. शिंगं असलेले, चकाकणारे भुंगेरे आधी उरकले गेले. एकसारख्या दिसणाऱ्या तपकिरी भुंगेऱ्यांसाठी नराचं जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं. त्या कटकटीत कोण पडणार?

असं इतरत्रही झालं. गाहान यांच्या खंडात ‘लॅमिनी’ हे उपकुळ नाही, आणि आंब्याचं खोड पोखरणारी भिरूड नेमकी त्यातलीच. म्हणजे कोकणातल्या बागायतदाराला या मालेत नारळावरचा गेंड्या भुंगा सापडतो, आंब्यावरची भिरूड सापडत नाही.

आणखी एक अडचण होती. खंडांत वर्णन पंख फुटलेल्या भुंगेऱ्याचं, तर नुकसान करते ती मातीतली अळी. अळी ओळखायची तर तिच्या शरीराच्या शेवटच्या वलयाच्या खालच्या बाजूला केसांची मांडणी पाहावी लागते: ओळी आहेत की नाहीत, असल्या तर कशा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत जे. सी. एम. गार्डनर यांनी भारतीय भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर चिकाटीने लेखमाला लिहिली. उसाच्या प्रदेशासाठी अधिक कामाचा ठरला तो जी. के. वीरेश यांचा १९७७ चा, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेला कर्नाटकातल्या हुमणीवरचा प्रबंध.

स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ही माला ‘फॉना ऑफ इंडिया’ म्हणून पुढे नेली. जुने खंड आता स्कॅन होऊन मोफत वाचता येतात, त्यामुळे ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. वापरताना एक पथ्य पाळावं: किल्लीने मिळालेलं नाव आजच्या सूचीशी ताडून पाहायचं. जुन्या शेतीविषयक पुस्तकांत हुमणी ‘लॅक्नोस्टर्ना’ नावाखाली आहे, तेव्हा जुने उल्लेख शोधताना ‘होलोट्रिकिया’सोबत तेही नाव घालून पाहावं.