डिसेंबरच्या फळ्यावरची दुसरी ओळ

खानदेशातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत रोज सकाळी परिपाठाच्या आधी फळ्याचा एक कोपरा पुसून तिथे दिनविशेष लिहितात. डिसेंबर लागला की या कोपऱ्याला उसंत नसते. १ तारखेला एड्स दिन, ३ ला दिव्यांग दिन, ५ ला मृदा दिन, ६ ला महापरिनिर्वाण दिन, १० ला मानवी हक्क दिन, २३ ला शेतकरी दिन, २४ ला ग्राहक दिन. अधेमधे चंपाषष्ठी आणि दत्तजयंती येतात, त्यांची तारीख मात्र दरवर्षी पंचांगात बघावी लागते. मुलं एक ओळ वाचतात, टाळ्या वाजतात आणि प्रार्थना सुरू होते.

ती एक ओळ जिनिव्हा, न्यूयॉर्क किंवा दिल्लीहून आलेली असते आणि ती खरीच असते. पण याच महिन्यात धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जे घडून गेलं, ते तिच्याखाली दुसरी ओळ म्हणून लिहायला हवं, असं मला फार वाटतं. म्हणून ही पार्श्वभूमी.

आधी पंचांगाचं पाहू. मार्गशीर्ष साधारण डिसेंबरात येतो, पण हलता येतो. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं असल्यामुळे सण दरवर्षी दहा-बारा दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२४ मध्ये ती १४ ला आली, २०२५ मध्ये ४ ला. सारंगखेड्याला घोडे घेऊन येणाऱ्याला हे हिशेब तोंडपाठ असतात.

सारंगखेडा शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. इथल्या दत्ताची मूर्ती एकमुखी. मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते आणि तिच्या अंगणात घोड्यांचा बाजार. या बाजाराची परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. त्यामागचं कारण भूगोलात सापडतं. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला सातपुडा ओलांडला की माळवा, खाली दख्खन. सैन्याला, व्यापाऱ्याला, देशमुख-पाटलांना घोडा लागायचा तेव्हा तापीचं हे खोरं सगळ्यांच्या वाटेवर होतं. पाणी बारमाही, चारा मुबलक, आणि पावसाळा सरून रस्ते कोरडे झालेले. मारवाडी आणि काठेवाडी घोडे आजही येतात, पांढरेशुभ्र नुकरे येतात. जाणकार घोड्याचे दात बघून वय ठरवतो आणि अंगावरचे भोवरे बघून शुभाशुभ. चार पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणीभोवती गर्दी होते. सैन्यं गेली, टांगेही गेले, तरी लग्नातली वरात आणि हौस यांच्यावर बाजार टिकून आहे. अलीकडच्या वर्षांत त्याला चेतक महोत्सवाचं रूप आलं आणि बाहेरगावचे पर्यटक वाढले. तरी पहाटेच्या थंडीत शेकोटीपाशी घोंगडी पांघरून बसलेले घोडेवाले पाहायचे असतील तर तंबूंच्या झगमगाटापासून जरा लांब जावं लागतं.

चंपाषष्ठी त्याच्या आधी, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला. खंडोबाचा हा दिवस साऱ्या महाराष्ट्राचा. चातुर्मासात वांगं आणि कांदा वर्ज्य करणारी घरं या दिवशी भरीत आणि कांद्याची पात नैवेद्याला ठेवतात आणि तिथून वांगं पुन्हा ताटात येतं. खानदेशात मात्र ही नुसती सुटका नसते, हंगामाची सुरुवात असते. तापीकाठच्या काळ्या जमिनीतलं हिरवट-पांढरं, मोठ्ठं, बिया कमी असलेलं वांगं याच दिवसांत भरात येतं. बामणोद आणि आसोद्याच्या वांग्यांचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी. वेचणी झालेल्या शेतातल्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, ती भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायची. वर तेल, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही, हे मी आग्रहानं सांगेन.

५ डिसेंबरच्या मृदा दिनाची कल्पना मृदाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००२ मध्ये मांडली. थायलंडच्या राजे भूमिबोल यांचा तो वाढदिवस, आणि मातीच्या कामाला त्यांनी दिलेल्या आधारामुळे ती तारीख निवडली गेली. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता दिली आणि २०१४ पासून तो अधिकृतपणे पाळला जातो. ही झाली पहिली ओळ. दुसऱ्या ओळीसाठी दोनच दिवस मागे यायचं. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या.

आसोद्याला १८८० मध्ये नागपंचमीच्या दिवशी जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात लग्न, आणि पुढे ऐन उमेदीत वैधव्य. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, चुलीपुढे ओव्या सुचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ यांनी त्यातल्या जमतील तितक्या उतरवून ठेवल्या. आईच्या जाण्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. म्हणजे ज्या बाईला आज साऱ्या महाराष्ट्रातली मुलं पाठ्यपुस्तकातून ओळखतात, तिनं स्वतःचं छापलेलं पुस्तक पाहिलंच नाही. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचं नाव २०१८ मध्ये मिळालं.

इथे एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं बाहेरचे लोक सर्रास लिहितात. ती अहिराणी नव्हे. ती जळगाव, यावल, रावेर या पट्ट्यातली लेवा गणबोली. अहिराणी धुळे, अमळनेर, साक्री, शिरपूरकडे ऐकू येते. दोन्ही आपल्याच, दोन्ही गोड, पण एकीचं श्रेय दुसरीला दिलं की दोघींवर अन्याय होतो. मृदा दिनाला मातीचा सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब मुलांना जरूर शिकवावा. बी रुजतं तेव्हा जमिनीत काय होतं, हे शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं कसं पाहिलं, तेही त्याच तासाला सांगावं.

३ डिसेंबरचीच पहिली ओळ दिव्यांग दिनाची. संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांसाठीचा जागतिक कृती कार्यक्रम ३ डिसेंबर १९८२ ला स्वीकारला, १९८३ ते १९९२ हे दशक त्यासाठी दिलं आणि दशक संपताना, १९९२ मध्ये, हा दिवस ठरवला. आपल्याकडचा दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या डिसेंबरातला आहे. दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले जात होते, ते त्यानं २१ केले. त्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आला, हे नंदुरबारसाठी फार मोठं आहे. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत हा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. वरून धडधाकट दिसणारं पोर वेदनेनं आठवडाभर अंथरुणात का पडतं, याला कायद्यात नाव मिळालं. नंदुरबारच्या शाळांनी त्या दिवशी हे सांगितलंच पाहिजे.

एड्स दिन १९८८ पासूनचा, आरोग्यविषयक जागतिक दिवसांतला सगळ्यात जुन्यांपैकी एक. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, ट्रकचे मुक्काम पडतात, त्यामुळे या विषयावरचं काम इथे ढाब्यांपर्यंत जावं लागतं. ६ डिसेंबरचं तर सांगायलाच नको. आदल्या दिवशी भुसावळ जंक्शनवर दादरकडे निघालेल्यांची गर्दी पाहिली की बाबासाहेब कळतात. ते धुळ्याला न्यायालयीन कामासाठी आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते, आणि त्या आठवणीसाठी ३१ जुलैला तिथे आजही माणसं जमतात.

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. मसुद्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द होते. त्या जागी ‘सर्व मानव’ असं यावं म्हणून भारताच्या हंसा मेहता झगडल्या आणि ते झालं. हंसाबेन जन्मानं सुरतच्या, म्हणजे नंदुरबारहून तापी खोऱ्याच्या रेल्वेनं काही तासांवरच्या. आता दुसरी ओळ. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक असते. त्या दिवसापूर्वीपासून वनजमीन कसत असल्याचं दाखवता आलं, तर आदिवासी कुटुंबाला वनहक्क कायद्याखाली दावा करता येतो. संसदेनं तो कायदा २००६ च्या डिसेंबरात मंजूर केला, वर्ष संपता संपता राष्ट्रपतींची सही झाली. इंग्रजांच्या काळात जंगल सरकारजमा झालं तेव्हापासून पूर्वजांच्या शेतात ‘अतिक्रमणदार’ ठरलेल्या माणसांशी झालेला हा ऐतिहासिक अन्याय आहे, अशी कबुली कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे. दावे अजून निकाली निघायचे आहेत. पुराव्यासाठी ग्रामसभेत म्हातारा साक्षीला उभा राहतो, आंब्याचं झाड कुणी लावलं ते सांगतो, आणि कायदा ती साक्ष पुरावा मानतो. मानवी हक्कांचा एवढा जिवंत धडा दुसरा कुठे मिळेल?

२४ डिसेंबरचा ग्राहक दिन १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला त्या तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली म्हणून. ग्राहक म्हटलं की शहरातला दुकानासमोरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, सदोष बियाणं विकत घेणारा शेतकरीही ग्राहकच आहे, असा निर्णय दिला. कपाशीचं बियाणं न उगवल्यानं दुबार पेरणी केलेल्या माणसाला याचं मोल कळतं. पावती आणि रिकामं पाकीट जपून ठेवा, एवढं तरी त्या दिवशी गावात सांगावं.

आणि याच तारखेला, १८९९ मध्ये, साने गुरुजींचा जन्म. जन्म कोकणात, पालगडला, पण गुरुजी घडले ते अमळनेरला. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं दैनिक लिहून काढू लागले. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली नसती तर आज वाचायला मिळाली नसती. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना उघडावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं आणि दार उघडलं.

उरला २३ डिसेंबर. चौधरी चरणसिंह यांचा जन्मदिवस म्हणून २००१ पासून तो शेतकरी दिन. त्यांचा मान त्यांना असावाच. पण शेतकऱ्याच्या डिसेंबरावर खानदेशाचा हक्क त्याहून जुना आहे. १९३६ च्या डिसेंबरात मनमाडहून पाचशे शेतकरी पायी निघाले. वाटेत गावोगाव सभा घेत, दोनशे मैलांहून अधिक चालून ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला पोचले. तिथे अखिल भारतीय किसान सभेचं दुसरं अधिवेशन शेतकरी नेते एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली होतं, आणि शेजारीच, २७ व २८ डिसेंबरला, काँग्रेसचं अधिवेशन. काँग्रेस पहिल्यांदाच खेड्यात भरत होती. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपासच्या साहित्यातून ते नगर सजवलं. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजींसारख्यांनी गावं पिंजून काढून ते उभं केलं. चालून आलेल्या शेतकऱ्यांचं स्वागत करायला स्वतः काँग्रेसचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, शंकरराव देव होते, नुकतेच तुरुंगातून सुटलेले क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय होते. सरकारचा सारा आणि जमीनमालकाला द्यायचा खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, शेतमजुराला पोट भरेल एवढी मजुरी द्या, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्या, अशा मागण्यांचा कृषी कार्यक्रम तिथे मंजूर झाला.

केळीच्या बागांमधल्या त्या मंडपात २८ डिसेंबरला अधिवेशनाचा दुसरा दिवस चालू होता, त्याच दिवशी नंदुरबारला मेहतांच्या घरातला शिरीषकुमार दहा वर्षांचा झाला. पुढे सहा वर्षांच्या आत, ९ सप्टेंबर १९४२ ला, हातात तिरंगा घेऊन तो गोळ्यांसमोर उभा राहिला आणि लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम या चार सोबत्यांसह गेला.