पार्श्वभूमी: पक्षाघात, मेंदू आणि ग्रोथ फॅक्टर

मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशकायद्यांनी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना तूरिनच्या विद्यापीठाबाहेर काढलं. ज्यू होत्या, एवढंच कारण. त्यांनी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली, शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या गर्भातल्या नसपेशी का मरतात ते बघत बसल्या. पुढे १९५२ मध्ये रिओ द जानेरोत त्यांनी उंदराच्या गाठीचा तुकडा नसपेशींशेजारी ठेवला, तर पेशींना चहूबाजूंनी तंतूंचे धुमारे फुटले, सूर्याभोवती खळं पडावं तसे. गाठीतून झिरपणारा पदार्थ स्टॅनली कोहेन यांनी वेगळा काढला. हाच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे नसपेशींना जगवणारा-वाढवणारा पदार्थ; त्याबद्दल दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

पक्षाघाताच्या डॉक्टरांना यात रस वाटला तो एका जुन्या निरीक्षणामुळे. गुठळीने मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त अडलं की मधला भाग लवकर मरतो, पण कडेच्या पेशी काही तास अर्धमेल्या तग धरतात. १९८१ पासून या कडेला ग्रहणातला शब्द चिकटला: उपच्छाया, म्हणजे गडद सावलीभोवतीची फिकट सावली. तिथे ग्रोथ फॅक्टर पोचवला तर?

उंदरांमध्ये जमलं. माणसांत पहिली मोठी आशा फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर या अशाच दुसऱ्या पदार्थाची होती, पण त्याने रक्तदाब घसरायचा, आणि रक्ताला आसुसलेल्या मेंदूला तेच नको असतं. चाचण्या मध्येच थांबल्या.

मग आलं एरिथ्रोपोएटिन. हो, डायलिसिसच्या रुग्णांना रक्त वाढवायला देतात तेच. जर्मनीत ग्यॉटिंगेनच्या हानेलोरे एरेनराइख यांनी २००२ मध्ये ४० रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल इतका चांगला होता की सगळे हरखले. २००९ मध्ये ५२२ रुग्णांचा निकाल आला: औषध घेतलेल्यांत १६.४ टक्के दगावले, न घेतलेल्यांत ९ टक्के. या रुग्णांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांना गुठळी विरघळवणारं टीपीएही दिलेलं होतं. दोन्ही औषधं एकत्र बाधली असावीत, असा संशय संशोधकांनीच बोलून दाखवला. पांढऱ्या रक्तपेशी वाढवणारा ग्रोथ फॅक्टर जी-सीएसएफ, त्याने २०१३ च्या चाचणीत इजा केली नाही, पण फायदाही दिला नाही.

डुकराच्या मेंदूपासून बनवलेलं, ग्रोथ फॅक्टरसारखं काम करतं असं सांगितलं जाणारं सेरेब्रोलायसिन भारतातही विकलं जातं. आशियातल्या १०७० रुग्णांच्या चाचणीत २०१२ मध्ये त्याचा आणि नुसत्या सलाइनचा निकाल जवळपास सारखाच निघाला.