फिले काढायची सुरी: पोलादाच्या नावाआधी पात्याची जाडी बघा

फिले काढणं म्हणजे माशाच्या मधल्या काट्यावरून आणि बरगड्यांवरून मांसाचा अख्खा पट्टा सोडवून घेणं. बरगड्यांना बाक असतो. पातं त्या बाकाबरोबर वळलं नाही, तर एकतर काट्याला बरंच मांस चिकटून राहतं, नाहीतर बरगड्या कापल्या जाऊन काटे फिलेत उतरतात. म्हणून ही सुरी लवचीक हवी, हे सगळेच सांगतात. हा लवचीकपणा येतो कुठून, याबाबत मात्र बरीच गल्लत होते.

पोलाद कुठलं, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. लवचीकपणाशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. पातं वाकवायला किती जोर लागेल हे ठरवणारा स्थितिस्थापकता गुणांक सगळ्या पोलादांत २०० गिगापास्कलच्या आसपास असतो आणि पाणी देऊन पोलाद कडक केलं तरी तो फारसा हलत नाही. फरक पडतो तो जाडीने, तोही घनाच्या प्रमाणात. दीड मिलिमीटरऐवजी दोन मिलिमीटर जाडीचं पातं सुमारे २.४ पट ताठ असतं. लांबीचा हिशेबही तसाच: जाडी तीच ठेवून पातं १५ ऐवजी २० सेंटिमीटर केलं, की टोकाला तेवढाच जोर देऊन ते २.४ पट वाकतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला सहज दिसत नाही, हाताला लगेच जाणवतो.

कडकपणाचं काम वेगळं. वाकलेलं पातं परत सरळ येईल की बाक धरून बसेल, आणि धार किती टिकेल, हे त्याच्यावर अवलंबून असतं. या सुरीला रॉकवेल मापावर ५४ ते ५८ कडकपणा योग्य. साठीच्या वर गेलं की धार जास्त टिकते, पण काट्यावर आपटली तर तिचे टवके उडतात. जरा मऊ पोलादाची धार तिथे नुसती मुडपते आणि धार सरळ करायच्या पोलादी रॉडवर सरळ करता येते. जपानी देबा सुरी मासा सोडवायलाच असते, पण ती जाड, ताठ आणि एका बाजूने धार दिलेली. तिची पद्धतच निराळी. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

घेण्याआधी एक परीक्षा करा. टोक लाकडी फळीवर टेकवा, दुसरा हात लांब ठेवा आणि मूठ अलगद खाली दाबा. १८-२० सेंटिमीटरचं पातं टोकाकडच्या निम्म्या भागात एकसारखी कमान धरत दोन-अडीच सेंटिमीटर वाकायला हवं. ते मुठीपाशीच वाकत असेल, तर पाठीची जाडी टोकाकडे नीट उतरवलेली नाही. असं पातं कातडी सोलताना डगमगतं. जोर काढल्यावर एक डोळा मिटून पाठीवरून बघा. टोक मुठीच्या रेषेत परत आलं पाहिजे.

लांबी माशाच्या रुंदीवरून ठरते. सर्वांत रुंद भागापेक्षा पातं चार-पाच सेंटिमीटर जास्त असलं, की एकाच लांब ओढीत काट्यावरून जाता येतं. माशाचे स्नायू नागमोडी थरांचे असतात आणि कोलॅजनचे पातळ पडदे त्यांना जोडून ठेवतात. करवतीसारखं मागेपुढे केलं की हे पडदे सुटतात आणि फिलेला भेगा पडतात. किलोभराच्या आतल्या माशाला १५ सेंटिमीटर पुरतं, मोठ्या आणि जाड बरगड्यांच्या माशाला २३-२५ लागतं, तेही जाड पाठीचं. एकच सुरी घ्यायची असेल तर १८-२० सेंटिमीटरची, मध्यम लवचीक.

स्टेनलेसलाही गंज चढतो. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर धरतो. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड तो जागोजागी फोडतो आणि तिथे बारीक खड्डे पडतात. धारेवर पडलेला खड्डा धारच खातो. कार्बन वाढला की तो क्रोमियमला कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगात, अडकवतो आणि थरासाठी कमी क्रोमियम उरतं. म्हणून समुद्रातल्या माशांसाठी साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियमचं १.४११६ या क्रमांकाचं पोलाद चांगलं. काम झालं की गोड्या पाण्याने धुवा, पुसा. ओली सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नका.

मूठ खरखरीत, पात्याशी फट नसलेली आणि पुढे बोट अडेल असा उंचवटा असलेली हवी. माशाच्या बुळबुळीत थराने हात पात्यावर घसरतो. कापरोधक हातमोजा धारेपासून वाचवतो, पण बारीक टोक त्यातूनही आत शिरतं.

धार लावताना लवचीक पातं दगडावर वाकतं, कोन बदलतो आणि टोकाकडची धार बोथट होते. दुसऱ्या हाताची दोन बोटं पात्याच्या सपाट अंगावर, धारेच्या जरा मागे ठेवा आणि जिथे घासताय तिथेच हलका दाब द्या. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचं माप) दगड आणि दोन्ही बाजूंना १५ अंशांचा कोन पुरेसा आहे. पातं मधून ओढायची खाचेची यंत्रं या सुरीला वापरू नका. ती धातू ओरबाडतात आणि धारेला मधल्या भागात आत गेलेला बाक पाडतात.