नौका मोडीत गेल्या, विमाने उरली : गोव्यातील नौदल हवाई संग्रहालयाची पार्श्वभूमी

वास्कोजवळ, बोगमाळोकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आणि दाबोळीच्या हवाई तळाच्या शेजारी, भारतीय नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झाले. दिल्लीत पालम येथे हवाई दलाचे संग्रहालय त्याआधीपासून होते. नौदलाच्या विमानांसाठी मात्र तोवर अशी स्वतंत्र जागा नव्हती. ती गोव्यातच का झाली, हे समजण्यासाठी दाबोळीच्या धावपट्टीपासूनच सुरुवात करावी लागते.

ही धावपट्टी पोर्तुगीजांनी बांधली. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगालला आपल्या वसाहतींशी हवाई संपर्क ठेवणे भाग पडले आणि त्यातूनच दाबोळीचा विमानतळ उभा राहिला. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी, गोवा मुक्तीच्या कारवाईत, भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तेथील इमारतींना धक्का लागू नये, अशा सूचना वैमानिकांना होत्या. त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने धावपट्टीच्या शाबूत भागावरून उडून कराचीकडे निसटली. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि काही काळातच हा तळ नौदलाच्या ताब्यात आला.

नौदलाला तो नेमका त्याच सुमारास हवा होता. नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात ११ मे १९५३ रोजी कोची येथे ‘आयएनएस गरुड’ या तळाने झाली. पहिली विमाने होती ब्रिटिश बनावटीची सीलँड. जमिनीवर आणि पाण्यावरही उतरू शकणाऱ्या या छोट्या विमानांपैकी एक बोगमाळोला पाहायला मिळते. बाहेर उभ्या असलेल्या जेट विमानांपुढे ते किरकोळ वाटते आणि पुष्कळ जण त्याच्यापुढे थांबत नाहीत. पण या साऱ्या इतिहासाचा आरंभ तेथेच आहे. सीलँडपाठोपाठ सरावासाठी हवेत लक्ष्य ओढून नेणारी फायरफ्लाय विमाने आणि प्रशिक्षणासाठी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची एचटी-२ विमाने आली. त्यांचेही नमुने येथे आहेत.

खरे वळण आले ते विमानवाहू नौकेमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने बांधायला घेतलेली आणि युद्ध संपताच अर्धवट सोडून दिलेली ‘हर्क्युलिस’ ही नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचली. तिच्यासाठी ब्रिटनकडून सी-हॉक ही लढाऊ विमाने आणि फ्रान्सकडून पाणबुडीविरोधी आलिझे विमाने घेण्यात आली होती. सी-हॉकच्या ३०० क्रमांकाच्या तुकडीने पांढरा वाघ हे आपले चिन्ह ठरवले. या जेट विमानांना किनाऱ्यावर कायमचा तळ हवा होता. आधी कोइमतूरजवळ सुलूर येथे ‘आयएनएस हंस’ सुरू करण्यात आला आणि १९६४ मध्ये तो दाबोळीला हलवला गेला. तेव्हापासून विक्रांत मुंबईची आणि तिची विमाने गोव्याची, अशी विभागणी झाली. संग्रहालय दाबोळीला असण्याचे कारण हेच आहे.

सी-हॉक जवळून पाहिल्यास नौकेवरच्या उड्डाणाची अवघड बाजू लगेच ध्यानात येते. पंख मध्येच मोडून वर घेता येतात, कारण सुमारे २१३ मीटर लांबीच्या नौकेच्या पोटात विमाने दाटीने ठेवावी लागत. शेपटीखाली एक आकडा आहे. उतरताना डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात तो अडकला, तरच विमान थांबे. हुकला तर वैमानिकाला पूर्ण जोर लावून पुन्हा उडावे लागे. उड्डाणासाठी वाफेच्या दाबावर चालणारे कॅटापल्ट विमानाला पुढे भिरकावून देई. शेजारच्या आलिझेमध्ये तिघे बसत. तिच्या पोटाखालचे रडारचे घुमट गरजेनुसार खाली सोडता आणि वर ओढून घेता येई.

या दोन्ही विमानांची कसोटी १९७१ च्या युद्धात लागली. विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, वेग मर्यादित झाला होता, आणि तिला युद्धात उतरवावे की नाही यावर बराच खल झाला. अखेर तिला बंगालच्या उपसागरात पाठवण्यात आले. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी-हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले. पुढील दिवसांत पूर्व पाकिस्तानचा सागरी मार्ग बंद पाडण्यात या विमानांचा मोठा वाटा होता. पश्चिमेकडे मात्र किनाऱ्यावरून गस्त घालणारे एक आलिझे पाकिस्तानी स्टारफायटर विमानाने पाडले. ताशी चारशे-साडेचारशे किलोमीटर वेगाच्या, पंख्यावर चालणाऱ्या विमानाची स्वनातीत लढाऊ विमानापुढे किती धडगत असणार? येथील आलिझेपुढे उभे राहताना ही घटना आठवावी, असे मला वाटते.

डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीला पहिली सी-हॅरियर विमाने उतरली. त्यांच्या इंजिनाच्या चार तोट्या फिरवून जोर खालच्या दिशेने वळवता येई, त्यामुळे ती जागच्या जागी उतरू शकत. त्यांच्यासाठी विक्रांतच्या डेकचे टोक वर उचलून ‘स्की-जंप’ बांधण्यात आला, आणि कॅटापल्ट निघाल्यामुळे आलिझेला नौका सोडावी लागली. ११ मे २०१६ रोजी, म्हणजे हवाई शाखेच्या स्थापनादिनीच, दाबोळी येथे सी-हॅरियरनाही निरोप देण्यात आला.

संग्रहालयातील सर्वांत भव्य विमान नौकेवरचे नाही. चार इंजिनांचे आणि तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाच्या ताफ्यात होते. पुढे ते हवाई दलाकडे गेले आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आल्यावर नौदलात दाखल झाले.

ज्या नौकांसाठी ही लढाऊ विमाने घेतली, त्या दोन्ही आता नाहीत. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे तिचे तरंगते संग्रहालय होते, पण देखभालीचा खर्च उचलायला कोणी पुढे आले नाही आणि २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडायला घेतली. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवतीजवळ ८५२ कोटी रुपयांच्या संग्रहालय-प्रकल्पाला मंजुरी दिली होती. तो प्रत्यक्षात आला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विराट मुंबईहून गुजरातमधील अलंगला तोडण्यासाठी नेण्यात आली. मुंबई आणि कोकणाला हे दोनदा जमले नाही, याची खंत वाटते.

त्यामुळे त्या डेकवरून प्रत्यक्ष उडालेले जे काही उरले आहे, त्यातले बरेचसे बोगमाळोला आहे, आणि तेही बहुतांशी उघड्यावर. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला खारा वारा आणि कोकणपट्टीचा चार महिन्यांचा पाऊस सोसत नाही. रंगाचा नवा हात बाहेरून दिला, तरी रिव्हेटच्या सांध्यांत साचलेले मीठ आतून पत्रा खातच राहते. सीलँड, फायरफ्लाय आणि आलिझे यांच्यासारख्या विमानांचे सुटे भाग आज कोणताही कारखाना बनवत नाही. निदान एवढ्या विमानांसाठी तरी छप्पर आधी व्हायला हवे.